व्यवसायनीती आणि जागतिक अर्थशास्त्र शिकवण्यासाठी माहितीपट कसे निवडावेत?

पाठटाचण यांचा प्रश्न

पदव्युत्तर व्यवस्थापन अभ्यासक्रमात मी व्यवसायनीती आणि जागतिक अर्थव्यवस्था हे दोन विषय एकाच सत्रात शिकवतो. पाठ्यपुस्तकातील प्रकरणे वाचून विद्यार्थी जी उत्तरे देतात, ती बहुतेक वेळा परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज घेऊन दिलेली असतात. लाच देऊ नये, पर्यावरण जपावे, कामगारांच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे, यावर कोणाचेच दुमत नसते आणि त्यामुळे चर्चा सुरू होण्याआधीच आटोपते. म्हणून येत्या सत्रात काही माहितीपट अभ्यासक्रमाचा भाग करावेत, असा विचार आहे.

अडचण निवडीची आहे. कोठेही शोध घेतला तरी 'द कॉर्पोरेशन', 'इनसाइड जॉब', 'द ट्रू कॉस्ट' हीच नावे पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि त्यांतील बहुतेक चित्रपट कंपन्यांवर किंवा आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांवर आरोपपत्र ठेवणारे आहेत. ते खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही; परंतु पाठ्यपुस्तकाचा निष्कर्ष सोडून विद्यार्थ्यांनी दिग्दर्शकाचा निष्कर्ष पाठ केला, तर पदरात काय पडले? शिवाय तासिका दीड तासाची आहे आणि त्यातला निम्मा वेळ तरी चर्चेला हवा. अशा स्थितीत संपूर्ण चित्रपट दाखवावा की निवडक भाग? वीस वर्षांपूर्वीचे चित्रपट आज दाखवण्यात अर्थ आहे का? त्यांतील दाव्यांची शहानिशा शिक्षकाने करून द्यावी की विद्यार्थ्यांवर सोपवावी? नुसत्या याद्या पुष्कळ मिळतात. मला निवडीमागचा विचार जाणून घ्यायचा आहे.

ताळेबंद यांचा प्रतिसाद

व्यवसायनीतीपुरते सांगतो. माझा पहिला निकष असा की, चित्रपटात निर्णय घेणारा माणूस दिसतो का, आणि त्या वेळी त्याच्यापुढे असलेले पर्याय, त्याच्यावरचे दबाव आणि त्याने स्वतःला दिलेल्या सबबी दिसतात का, हे आधी पाहावे. केवळ परिणाम दाखवणारा चित्रपट मनाला चटका लावतो, पण नीतीच्या तासाला लागणारे साहित्य त्यात कमी असते. दूषित नदी पाहून विद्यार्थ्याला वाईट वाटते. ते सांडपाणी सोडू देणाऱ्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत आपण असतो तर काय केले असते, याचा विचार मात्र त्याला करावा लागत नाही.

या निकषावर ॲलेक्स गिबनी यांचा 'एन्रॉन : द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम' (२००५) आजही उजवा ठरतो. हिशेबातील लबाडीनंतर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची ती कथा आहे. केनेथ ले, जेफ्री स्किलिंग, अँड्र्यू फास्टो ही त्यातील शिखरावरची मंडळी शिकवण्याच्या दृष्टीने मला फारशी उपयोगी वाटत नाहीत, कारण वर्गातील कोणीही स्वतःला त्यांच्या जागी कल्पित नाही. उपयोगी आहेत ती मधल्या फळीतील माणसे. दीर्घ मुदतीच्या करारातून पुढे मिळू शकणारा अंदाजित नफा करार झाल्याबरोबर हिशेबात धरण्याची पद्धत या कंपनीने अवलंबली, आणि तिला अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने १९९२ मध्ये मान्यता दिली होती. म्हणजे सुरुवात बेकायदेशीर नव्हती. त्यानंतर लेखापरीक्षक, बँका, वकील आणि शेअरविश्लेषक यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्यापुढचा कागद नियमात बसतो की नाही एवढेच पाहिले, आणि त्या सर्व कागदांची बेरीज काय होते हा प्रश्न विचारणे आपले काम नाही असे ठरवले. आपले विद्यार्थी उद्या नेमके याच जागांवर बसणार आहेत.

कॅलिफोर्नियातील २०००–०१ च्या वीजटंचाईचा भाग स्वतंत्रपणे दाखवता येतो. कंपनीचे तरुण व्यापारी फोनवर एका वीजनिर्मिती केंद्राला काहीतरी कारण काढून संच बंद ठेवायला सांगतात आणि लोकांच्या हालअपेष्टांवर हसतात, हे ध्वनिमुद्रणातून ऐकू येते. त्याला जोडून दिग्दर्शकाने मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाची जुनी दृश्ये ठेवली आहेत. येथे थांबून विद्यार्थ्यांना विचारावे की, ही जोडणी पटते का? मिलग्राम यांच्या प्रयोगात आपण दुसऱ्याला विजेचे धक्के देत आहोत असे समजणारी माणसे वरून आलेल्या आज्ञेपुढे अस्वस्थ होती. हे व्यापारी तर मजेत दिसतात. माझ्या मते दिग्दर्शकाचा हा सांधा कच्चा आहे, आणि तो कच्चा असल्यामुळेच वर्गात उत्तम चालतो.

एन्रॉनच्या एक उपाध्यक्षा शेरन वॉटकिन्स यांच्यावरही असाच वाद होऊ शकतो. त्यांनी ऑगस्ट २००१ मध्ये केनेथ ले यांना हिशेबांतील गोंधळाबद्दल सावध करणारे पत्र लिहिले. ते पत्र कंपनीच्या आत राहिले. नियामकाकडे गेले नाही. मग त्यांना जागल्या म्हणावे की निष्ठावंत अधिकारी? या प्रश्नावर वर्ग दुभंगतो.

जुन्या चित्रपटांविषयीची आपली शंका मी उलट बाजूने पाहतो. चित्रपट जिथे थांबला त्याच्या पुढचे आज आपल्याला ठाऊक असते, हा मोठाच लाभ आहे. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ले आणि स्किलिंग यांच्यावरील खटला उभा राहायचा होता. २००६ मध्ये दोघेही दोषी ठरले. लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसन या पेढीला २००२ मध्ये दोषी ठरवले गेले होते, पण २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने रद्द केला. तोवर पेढी संपलेली होती आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता अशा हजारो कर्मचाऱ्यांना दुसरीकडे वाट शोधावी लागली होती. संस्थेला शिक्षा केली की ती कोणाला भोगावी लागते, हा प्रश्न चित्रपटात नाही. तो शिक्षकाने आणायचा आहे.

'द कॉर्पोरेशन' (२००३) मात्र मी संपूर्ण दाखवणार नाही. लांबी १४५ मिनिटे हे एक कारण झाले. दुसरे असे की, कायद्याने कंपनीला व्यक्ती मानले आहे तर ती कोणत्या स्वभावाची व्यक्ती ठरेल, असे विचारून मनोविकारांच्या निदानाची यादी तिला लावत जाणे ही कल्पना इतकी चतुर आहे की प्रेक्षक तिच्याशी वाद घालायचे विसरतो. त्यातील रे अँडरसन यांची मुलाखत तेवढी घ्यावी. गालिचे बनवणाऱ्या कंपनीचा हा संस्थापक स्वतःच्या उद्योगाने निसर्गाची लूट केली असे कॅमेऱ्यासमोर मान्य करतो आणि तरीही उद्योग बंद करत नाही, बदलू पाहतो. त्याच चित्रपटात मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनही बोलतात. पण त्यांचे म्हणणे तुकड्यांतून ऐकवण्यापेक्षा नफा वाढवणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी असे मांडणारा त्यांचा १९७० चा मूळ लेख विद्यार्थ्यांनी आधी वाचावा. प्रतिपक्ष त्याच्या सर्वोत्तम रूपात भेटला पाहिजे.

मागणीपुरवठा यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण जागतिक अर्थशास्त्राची अडचण वेगळी आहे आणि ती अधिक खोल आहे. कॅमेरा जे घडले ते दाखवू शकतो. ते धोरण नसते तर काय घडले असते, हे दाखवू शकत नाही. अर्थशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक प्रश्न मात्र या दुसऱ्या प्रकारचा असतो. आयात खुली झाल्यामुळे बुडालेला शेतकरी एका गावात, एका चेहऱ्यानिशी सापडतो. त्याच आयातीमुळे थोडे स्वस्त अन्न मिळालेले लाखो ग्राहक विखुरलेले असतात आणि त्यांच्यावर चित्रपट निघत नाही. म्हणून माहितीपटाचा कल दिग्दर्शकाच्या राजकीय मतांमुळेच ठरतो असे नाही, माध्यमाची प्रकृतीच त्याला एका बाजूला झुकवते. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगून ठेवावे.

यावरचा उपाय म्हणून 'एक बाजूचा, एक विरुद्ध बाजूचा' अशी जोडी लावण्याची पद्धत आहे. ती मला अपुरी वाटते, कारण दोन भाषणे ऐकून विद्यार्थी 'सत्य मध्ये कुठेतरी असेल' असा आळशी निष्कर्ष काढतात. त्यापेक्षा एकच घटना दोन निरनिराळ्या विचारांचे लोक कशी वापरतात, अशी जोडी शोधावी.

स्टेफनी ब्लॅक यांचा 'लाइफ अँड डेट' (२००१) आणि मायकेल मॅथेसन मिलर यांचा 'पॉव्हर्टी इंक' (२०१४) ही मला माहीत असलेली सर्वांत फलदायी जोडी आहे. पहिला जमैकाविषयी आहे. १९७७ मध्ये मायकेल मॅन्ली यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला, त्यानंतर कर्जाच्या अटींखाली आयातीवरचे निर्बंध उठत गेले आणि अनुदानित परदेशी दूध पावडरीपुढे तेथील दुग्धव्यवसाय कोलमडला, अशी त्याची मांडणी आहे. मॅन्ली स्वतः बोलतात आणि नाणेनिधीचे तत्कालीन उच्चाधिकारी स्टॅन्ली फिशर यांनाही बोलू दिले आहे. दुसऱ्या चित्रपटामागे ॲक्टन इन्स्टिट्यूट ही मुक्त बाजाराचा पुरस्कार करणारी संस्था आहे, आणि तो हैतीमधील भातशेती अनुदानित अमेरिकी तांदळापुढे कशी मोडली हे दाखवतो. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये या तांदूळ धोरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता.

आता पाहा, दोन्ही चित्रपटांचा गाभा एकच आहे. श्रीमंत देशाने अनुदान देऊन पिकवलेले अन्न गरीब देशाच्या बाजारात येते आणि स्थानिक उत्पादक देशोधडीला लागतो. पहिला चित्रपट याचा दोष मुक्त व्यापाराला देतो. दुसरा म्हणतो, अनुदान दिले म्हणजे हा मुक्त व्यापार उरलाच कोठे? पुरावा समान आणि निदान विरुद्ध. यातील कोणते निदान टिकते हे ठरवायला विद्यार्थ्याला जकात, अनुदान, विनिमय दर आणि कर्जाची परतफेड यांची आकडेवारी उघडावीच लागते, आणि अर्थशास्त्राचा तास तिथे खऱ्या अर्थाने सुरू होतो. मला स्वतःला दोन्ही चित्रपट एका बाबतीत कमी वाटतात : देशांतर्गत राज्यकर्त्यांच्या निर्णयांची झाडाझडती दोघेही फार हलक्या हाताने घेतात.

जमैकाच्या कहाणीला पुढचा भागही आहे. २०१२ च्या अखेरीस त्या देशाचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १४४ टक्के होते. २०२३ पर्यंत ते साधारण निम्म्यावर आले. ही घट नाणेनिधीच्याच नव्या कार्यक्रमाच्या आधारे सुरू झाली, मात्र या वेळी सरकार, विरोधी पक्ष, उद्योग आणि कामगार संघटना यांच्यात व्यापक सहमती होती आणि अर्थसंकल्पावर बाहेरून देखरेख ठेवणारी समिती होती. 'लाइफ अँड डेट' पाहून उठलेल्या विद्यार्थ्याने हे भाकीत कधीच केले नसते. चित्रपट चुकीचा होता का, की परिस्थिती बदलली, की अटी बदलल्या? निबंधासाठी याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही.

मांडणीच्या रचनेबद्दल एक सूचना. फ्रीडमन यांच्या १९८० च्या 'फ्री टू चूज' या मालिकेत प्रत्येक भागाचा पूर्वार्ध त्यांची मांडणी असे आणि उत्तरार्धात त्यांच्याशी असहमत असणारे अभ्यासक समोर बसून वाद घालत. मालिका आता ऐतिहासिक दस्तऐवज म्हणूनच पाहावी, पण चित्रपटाने स्वतःच स्वतःचा प्रतिवाद सोबत आणावा ही तिची रचना वर्गात जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

मध्यांतर यांचा प्रतिसाद

व्यावहारिक बाजू थोडक्यात मांडतो. संपूर्ण चित्रपट विद्यार्थ्यांनी तासाआधी पाहून यावा आणि वर्गात ठरलेले तीन-चार प्रसंगच पुन्हा दाखवावेत. पडद्यावरचा अंधार संपल्यावर लगेच होणारी चर्चा प्रतिक्रियेची असते, विचारांची क्वचितच. मात्र संपूर्ण चित्रपट पाहिलाच पाहिजे, कारण निवडक भाग दाखवणे म्हणजे संकलनावर दुसरे संकलन करणे होय. वैयक्तिक वर्गणीच्या खात्यावरून वर्गात प्रदर्शन करण्यास बऱ्याच सेवांच्या अटी परवानगी देत नाहीत. काही निर्माते शैक्षणिक प्रदर्शनासाठी स्वतंत्र परवाना देतात, तर नेटफ्लिक्सने आपल्या काही निवडक माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा दिली आहे. व्यवसायनीतीच्या तासाला हा नियम मोडून सुरुवात करू नये, हे वेगळे सांगायला नको.

उलटतपासणी यांचा प्रतिसाद

शहानिशा कोणी करायची, या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही. माझे म्हणणे असे की, ती विद्यार्थ्यांनीच करावी, आणि त्यासाठी ज्यांच्या सत्यतेवर जाहीर वाद झालेला आहे असे चित्रपट मुद्दाम निवडावेत. निर्दोष चित्रपट शोधत बसण्यापेक्षा वादग्रस्त चित्रपट अधिक शिकवतो.

उदाहरणार्थ, मायकेल मूर यांचा 'रॉजर अँड मी' (१९८९) घ्या. जनरल मोटर्सचे कारखाने बंद झाल्यावर फ्लिंट शहराची झालेली वाताहत त्यात आहे. समीक्षकांनी त्याच वेळी दाखवून दिले होते की, चित्रपटात कारखाने बंद झाल्याचा परिणाम म्हणून येणाऱ्या काही घटना प्रत्यक्षात त्याच्या आधी घडलेल्या होत्या. शहर उद्ध्वस्त झाले हे खरे, पण कार्यकारणाचा क्रम संकलनाच्या टेबलावर जुळवलेला. 'हे आधी आणि ते नंतर, म्हणून ह्यामुळे ते' हा तर्कदोष शिकवायला यापेक्षा जिवंत उदाहरण कोणते? 'सुपर साइझ मी' (२००४) मधील प्रयोगाचेही तसेच आहे. महिनाभर एकाच साखळीचे खाद्यपदार्थ खाऊन यकृतावर झालेला परिणाम हा त्या चित्रपटाचा सर्वांत मोठा धक्का होता. दिग्दर्शक मॉर्गन स्परलॉक यांनी २०१७ मध्ये आपल्या दीर्घकाळच्या मद्यपानाची जाहीर कबुली दिली आणि त्या धक्क्याचा पायाच संशयास्पद झाला. एका माणसावरचा, नियंत्रण गट नसलेला प्रयोग कशासाठी पुरावा मानायचा आणि कशासाठी नाही, ही चर्चा त्यातून आपोआप निघते.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण म्हणजे स्वीडिश दिग्दर्शक फ्रेडरिक गेर्टन यांचा 'बनानाज!' (२००९). निकाराग्वामधील केळीच्या मळ्यांत वापरल्या गेलेल्या डीबीसीपी या कीडनाशकामुळे वंध्यत्व आल्याचा दावा करणाऱ्या मजुरांनी डोल या कंपनीविरुद्ध लॉस एंजेलिसमध्ये चालवलेल्या खटल्याची ती कथा आहे. २००७ मध्ये ज्युरीने काही मजुरांच्या बाजूने कौल दिला. पण २००९ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्याच्या बेतात असताना, संबंधित इतर खटले न्यायाधीशांनी फेटाळले, कारण काही फिर्यादी बनावट असल्याचे आणि त्यांना पढवले गेल्याचे त्यांना आढळले. पुढच्या वर्षी २००७ चा निकालही रद्द झाला. कंपनीने दिग्दर्शकावर बदनामीचा दावा लावला आणि काही महिन्यांत मागेही घेतला. आता विद्यार्थ्यांपुढे चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत : ते रसायन घातक होते; काही फिर्यादी खोटे ठरले; खरोखर बाधित झालेल्यांनाही त्याचा फटका बसला; आणि बलाढ्य कंपनीने एका चित्रपटकर्त्याला न्यायालयात खेचले. यापैकी एक गोष्ट धरून बाकीच्या तीन सोडणे किती सोपे असते, हे वर्गात लवकर लक्षात येते. या लढाईवर त्याच दिग्दर्शकाने नंतर दुसरा चित्रपट काढला. तो पाहताना सांगणारा स्वतःच पक्षकार आहे हे विसरू नये.

'इनसाइड जॉब' (२०१०) बद्दलही सांगतो. २००८ च्या आर्थिक अरिष्टाची कारणे म्हणून तो दाखवला जातो, पण माझ्या मते कर्जरोख्यांची गुंतागुंत त्यात वेगाने उरकली आहे आणि ती पुस्तकातूनच शिकवावी. त्याचे खरे सामर्थ्य अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या मुलाखतींत आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी सदस्य फ्रेडरिक मिश्किन यांनी २००६ मध्ये आइसलँडच्या वित्तीय स्थैर्याची ग्वाही देणारा अहवाल लिहिला होता आणि त्यासाठी तेथील वाणिज्य मंडळाकडून त्यांना १,२४,००० डॉलर मिळाले होते. दोनच वर्षांत त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. चित्रपटानंतर हितसंबंध उघड करण्याचा प्रश्न इतका तापला की, अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ मध्ये आपल्या नियतकालिकांतील लेखकांसाठी त्याबद्दलचे नियम कडक केले. एखाद्या माहितीपटाने ज्या व्यवसायावर बोट ठेवले त्याच व्यवसायाचे नियम बदलण्यास हातभार लावल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि ते आपणा शिक्षकांच्याच व्यवसायातले असल्यामुळे वर्गात सांगताना थोडे अवघडायला होते, हे चांगलेच आहे. त्याच चित्रपटातील 'यांनी मुलाखत देण्यास नकार दिला' या पाट्यांवरही विद्यार्थ्यांना थांबवावे. नकार म्हणजे कबुली नव्हे, तरी पडद्यावर तो तसाच वाचला जातो.

ताळेबंद यांच्या निकषावर मात्र माझा आक्षेप आहे. निर्णय घेणारा दिसला पाहिजे असे म्हटले की, जिथे निर्णय अनेक देशांत आणि अनेक कार्यालयांत विखुरलेला आहे असे चित्रपट बाद होतात. ढाक्याजवळील सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद झाली, पण कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. इमारतीच्या मालकाचा आणि कारखानदारांचा दोष उघड आहे. परंतु दर आणि मुदत ठरवणारा खरेदीदार हजारो मैलांवर होता आणि त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. स्वस्त कपड्यांच्या उद्योगावरील 'द ट्रू कॉस्ट' (२०१५) मध्ये असा एकही निर्णयाचा क्षण कॅमेऱ्यात नाही. म्हणून तो दाखवायचा नाही का?

ताळेबंद यांचा प्रतिसाद

आक्षेप योग्य जागी आहे, पण मी त्या चित्रपटाला बाद करत नाही. त्याला पूरक साहित्य लागते एवढेच म्हणतो. 'द ट्रू कॉस्ट' मध्ये कमी वेतनाच्या कारखान्यांचे समर्थन करणारे अर्थतज्ज्ञ बेंजामिन पॉवेल काही क्षण दिसतात आणि संकलन त्यांना ताबडतोब उत्तर देऊन मोकळे होते. त्यांचा युक्तिवाद, म्हणजे या नोकरीला कामगाराच्या दृष्टीने पर्याय काय होता हा प्रश्न, वर्गाने पूर्ण ऐकावा. सोबत दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये झालेला अग्नी व इमारत सुरक्षेचा करार वाचायला द्यावा. दोनशेहून अधिक परदेशी ब्रँडांनी त्यावर सह्या केल्या आणि तो न्यायालयात लागू करता येण्याजोगा होता, हे त्याचे वेगळेपण. कारखाने बंद व्हावेत असे म्हणणारे आणि बाजार आपोआप सुधारेल असे म्हणणारे, या दोघांच्या मधला एक प्रत्यक्षात आलेला मार्ग त्यातून दिसतो. निर्णयाचा क्षण चित्रपटात नसेल, तर तो अशा कागदपत्रांतून वर्गात आणता येतो.

विखुरलेल्या जबाबदारीसाठी माझी पहिली पसंती मात्र 'अमेरिकन फॅक्टरी' (२०१९) ही आहे. ओहायो राज्यातील डेटनजवळचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद पडला, आणि त्याच वास्तूत पुढे फुयाओ या चिनी कंपनीने मोटारींच्या काचांचा कारखाना उभारला. स्टीव्हन बोगनार आणि ज्युलिया राइकर्ट यांनी निवेदक न वापरता दोन्ही बाजूंच्या माणसांना वेळ दिला आहे. पूर्वी तासाला २९ डॉलर मिळवणारी कामगार स्त्री आता निम्म्याहून कमी दराने काम करते. चिनी कामगार घरदार सोडून आलेले आहेत आणि अमेरिकी सहकाऱ्यांचा संथपणा त्यांना खरोखर कळत नाही. आणि अध्यक्ष त्साओ देवांग यांना आपण समाजाचे भले केले की नुकसान, असा प्रश्न स्वतःलाच पडलेला दिसतो. कामगार संघटना स्थापन करण्याच्या प्रस्तावावर २०१७ मध्ये मतदान झाले, तेव्हा ४४४ मते बाजूने आणि ८६८ विरुद्ध पडली. कंपनीने सल्लागार नेमून विरोधी प्रचार केला हे चित्रपट दाखवतो, तरी एवढा फरक त्याने पूर्ण समजावता येतो का, हा प्रश्न उरतोच. व्यवसायनीती आणि जागतिक अर्थशास्त्र या दोन्ही विषयांना एकच चित्रपट द्यायचा झाला, तर मी हाच देईन.

पाठटाचण यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. 'अमेरिकन फॅक्टरी' दोन्ही विषयांना समाईक ठेवीन, नीतीसाठी एन्रॉनचा कॅलिफोर्नियाचा भाग आणि वॉटकिन्स यांचे पत्र घेईन, आणि अर्थशास्त्रासाठी जमैका–हैती ही जोडी लावीन. 'बनानाज!' प्रकरण सत्राच्या अखेरीस घ्यावे की सुरुवातीला, याबद्दल मनात शंका आहे. सुरुवातीला घेतले तर विद्यार्थी पुढच्या प्रत्येक चित्रपटावर सरसकट अविश्वास दाखवतील, अशी भीती वाटते. दुसरे, गुणांकन कसे करावे? चित्रपटाचा सारांश लिहून आणणे ही आजवरची पद्धत मला बंद करायची आहे.

उलटतपासणी यांचा प्रतिसाद

शेवटी घ्यावे. सरसकट अविश्वास हा सरसकट विश्वासाइतकाच कष्ट वाचवणारा असतो, आणि आधी दोन-तीन चित्रपटांवर मत बनवून बसलेल्या वर्गाला ते प्रकरण अधिक लागू पडते. त्याच्या तपासणीत कायद्याचा भाग बराच असल्याने निकालपत्रांतील निवडक उतारे आधीच काढून ठेवावे लागतील.

गुणांकनासाठी मी प्रत्येक विद्यार्थ्याला चित्रपटातील एकच दावा निवडायला सांगतो. तो दावा चित्रपटात कोणाच्या तोंडून येतो, त्याला कोणते दृश्य जोडले आहे, तो मूळ कागदपत्राशी किंवा आकडेवारीशी जुळतो का, आणि तो खरा असला तरी चित्रपटाचा निष्कर्ष त्यावरून निघतो का, एवढे त्याने दोन पानांत लिहावे. दावा खोटा ठरवला म्हणून जास्त गुण देऊ नयेत, अन्यथा सर्वजण चुका शोधायच्या मागे लागतात. एखादा दावा पूर्ण तपासून खरा ठरवणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळाले पाहिजेत.

मागणीपुरवठा यांचा प्रतिसाद

त्यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक प्रश्न घालावा : या धोरणाचा लाभ कोणाला झाला असेल, आणि ती व्यक्ती चित्रपटात का नाही? जमैकाच्या बाबतीत स्वस्त दूध पावडर विकत घेणारे शहरी कुटुंब, फुयाओच्या बाबतीत मोटार घेणारा ग्राहक किंवा चीनमधील भागधारक, असे कोणीतरी एक नाव द्यायला लावावे. काही वेळा उत्तर 'असे कोणीच नाही' हेही निघते, पण तेही आकड्यांनिशी दाखवावे लागेल. 'लाइफ अँड डेट' साठी जमैकाच्या दूध उत्पादनाची आणि पावडरीच्या आयातीची वर्षवार आकडेवारी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या खुल्या संग्रहात मिळते. विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहण्याआधीच तिचा आलेख काढून आणला, तर पडद्यावरचा शेतकरी बोलू लागेपर्यंत त्यांच्या मनात स्वतःचे दोन-तीन प्रश्न तयार असतात.